वारशाने आलेले चांदीचे डॉलर : मोडीत, एकरकमी की लिलावात?

प्रश्न : माझे सासरे व्यापारी जहाजांवर मुख्य अभियंता होते. नोकरीच्या काळात अमेरिकेतील बंदरांतून आणि हाँगकाँगहून त्यांनी चांदीचे डॉलर जमवले. त्यांच्या पश्चात आमच्याकडे एक अल्बम आला असून त्यात ६४ नाणी आहेत. बहुतेकांवर एका बाजूस स्त्रीचे मुख व दुसऱ्या बाजूस गरुड असून साल १८७८ ते १९२१ यांदरम्यानचे आहे. नऊ नाणी १९२२ ते १९३५ या काळातील आहेत. दोन नाण्यांवर ‘४२० ग्रेन्स’ असे कोरलेले आहे, तीन नाणी काळ्या पार्श्वभूमीच्या कडक प्लॅस्टिक पेट्यांत बंद आहेत आणि एकावर १८०४ हे साल आहे. १८८९, १८९३ व १८९५ ही साले दुर्मीळ असल्याचे वाचनात आले. ती तिन्ही आमच्याकडे आहेत. लक्ष्मी रस्त्यावरील सराफांनी चांदीच्या भावाने घेण्याची तयारी दाखवली, तर परिचयातील एका संग्राहकांनी सगळा अल्बम एकरकमी मागितला. माझे पती, दीर व नणंद अशा तिघांचा यात वाटा आहे. नणंद न्यू जर्सीला असतात. त्या म्हणतात, नाणी मी बॅगेतून नेते आणि तिकडच्या लिलावात देते. आम्ही काय करावे? आणि लिलावापूर्वी नाणी उजळून घ्यावीत का? — एक वाचक, कोथरूड

उत्तर : आपण शेवटी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण व्यवहारातील बाकीच्या चुका निस्तरता येतात, ही मात्र येत नाही. नाणी उजळू नका. दिवाळीत देव्हाऱ्यातील चांदी ज्या रांगोळीने, पितांबरीने किंवा टूथपेस्टने आपण घासतो, त्यांपैकी कशाचाही स्पर्श या नाण्यांना होऊ देऊ नका, आणि सराफाकडील ‘डिप’मध्ये, म्हणजे चांदी उजळण्याच्या रासायनिक द्रावणातही, ती बुडवू नका. टांकसाळीत नाणे दाबाखाली छापले जाते तेव्हा धातू कडेच्या दिशेने सरकतो आणि पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेषा उमटतात. न वापरलेला डॉलर एका दिव्याखाली तिरपा धरून सावकाश फिरवला, तर प्रकाशाचे दोन पट्टे मध्यबिंदूभोवती चाकाच्या आऱ्यांसारखे फिरताना दिसतात. संग्राहक पैसे मोजतात ते या झळाळीसाठी. नाणे घासले की त्या रेषा पुसल्या जातात. नाणे चमकते, पण प्रकाश फिरत नाही, आणि जाणकाराच्या ते पहिल्याच नजरेत लक्षात येते. प्रत, म्हणजे नाण्याच्या स्थितीचा दर्जा, ठरवणाऱ्या संस्था अशा नाण्याला अंकी प्रत देतच नाहीत, ‘स्वच्छ केलेले’ असा शेरा मारून मोकळ्या होतात. काही नाण्यांवर काळपट, निळसर किंवा तांबूस रंग चढलेला असेल, तर तो हवेतील गंधकाचा परिणाम आहे. तो दोष नव्हे, आणि सुंदर रंग चढलेल्या नाण्याला कित्येकदा अधिक बोली लागते. नाणे हाताळताना ते नेहमी कडेला धरावे व खाली मऊ कापड पसरावे.

आता मूळ मुद्दा. आपल्यापुढे सराफ, संग्राहक आणि लिलाव असे तीन मार्ग दिसत असले, तरी अल्बममध्ये नेमके काय आहे हे आपल्याला कळल्याशिवाय तिन्हींपैकी एकही मार्ग निवडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ही ओळख पटवण्याचे निम्म्याहून अधिक काम घरच्या घरी, एक भिंग आणि दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा एवढ्या साधनांनी होते, आणि ते विकणाऱ्यानेच करायचे असते. कारण ओळख ज्याच्याकडे असते, किंमतही तोच ठरवतो.

१८७८ ते १९०४ आणि पुन्हा १९२१ या सालांची नाणी ‘मॉर्गन डॉलर’ म्हणून ओळखली जातात. त्यांचे शिल्प जॉर्ज मॉर्गन यांचे. १९२१ ते १९२८ व १९३४-३५ या काळातील नाणी ‘पीस डॉलर’, म्हणजे पहिल्या महायुद्धानंतरच्या शांततेचे स्मरण म्हणून काढलेली. त्यांचे शिल्पकार अँथनी डी फ्रान्सिशी. दोन्ही प्रकारांचे वजन २६.७३ ग्रॅम, व्यास ३८.१ मिलिमीटर आणि चांदी ९० टक्के. आपण पत्रात फक्त साले कळवली आहेत, परंतु या नाण्यांच्या बाबतीत साल ही अर्धीच माहिती असते. उरलेली अर्धी टांकसाळीच्या खुणेत असते. मॉर्गन डॉलरच्या मागच्या बाजूस, गरुडाखालच्या पानांच्या माळेच्या गाठीखाली आणि ‘डॉलर’ या शब्दातील ‘डी’ व ‘ओ’ या अक्षरांच्या वर, भिंगातून पाहावे. तिथे ‘एस’ असेल तर नाणे सॅन फ्रान्सिस्कोचे, ‘ओ’ असेल तर न्यू ऑर्लीन्सचे, ‘सीसी’ असेल तर नेवाडातील कार्सन सिटीचे आणि १९२१ च्या नाण्यावर ‘डी’ असेल तर डेन्व्हरचे. काहीच नसेल तर ते फिलाडेल्फियाचे.

ही बारीकशी खूण किती फरक करते ते आपण लिहिलेल्या तीन सालांवरूनच पाहा. १८८९ साली फिलाडेल्फियात दोन कोटींहून अधिक डॉलर पाडले गेले, तर कार्सन सिटीत अवघे साडेतीन लाख. पहिल्याला चांदीपेक्षा थोडेसेच अधिक मिळते, दुसऱ्यासाठी संग्राहक रांग लावतात. १८९३ चा ‘एस’ खूण असलेला डॉलर हा तर या मालिकेचा मुकुटमणी आहे. तो फक्त एक लाख पडला आणि झिजलेल्या स्थितीतही त्याला हजारो डॉलर मिळतात. १८९५ ची गोष्ट आणखी वेगळी आहे. त्या वर्षी न्यू ऑर्लीन्सला साडेचार लाख व सॅन फ्रान्सिस्कोला चार लाख नाणी पडली. फिलाडेल्फियाच्या नोंदीत बारा हजार दिसत असली, तरी चलनासाठी पाडलेले त्यांतील एकही खात्रीचे नाणे आजवर पुढे आलेले नाही, आणि संग्राहकांसाठी आरशासारख्या पृष्ठभागाची ८८० ‘प्रूफ’ नाणी तेवढी काढली गेली. म्हणून आपल्या १८९५ च्या नाण्यावर खूण दिसत नसेल तर आनंदापेक्षा सावधगिरी बाळगावी. ‘ओ’ किंवा ‘एस’ खरवडून काढलेली नाणी पूर्वीपासून विकली गेली आहेत. खुणेच्या जागी धातूचा पोत आजूबाजूपेक्षा वेगळा दिसतो का, ते भिंगातून तपासावे.

१८९३ वर ‘एस’ सापडलाच, तर आणखी एक तपासणी आपण स्वतः करू शकता. या साली सॅन फ्रान्सिस्कोची सर्व नाणी दर्शनी बाजूच्या एकाच ठशावरून पडली, त्यामुळे त्या ठशातील बारीक खोटही प्रत्येक खऱ्या नाण्यावर उतरली आहे. स्त्रीच्या डोक्यावरील पट्टीवर ‘लिबर्टी’ हा शब्द कोरलेला आहे. त्यातील ‘टी’ या अक्षराच्या वरच्या भागात एक तिरकी, किंचित उठलेली रेघ असते. नाणे फार झिजले असेल तर ती दिसणार नाही, पण चांगल्या नाण्यावर ती नसेल आणि मागे ‘एस’ असेल, तर तो ‘एस’ नंतर चिकटवलेला असण्याचा दाट संशय घ्यावा.

१८०४ च्या नाण्याविषयी आपली निराशा करावी लागते. या सालाचे फक्त १५ डॉलर जगात ज्ञात आहेत आणि ते कुठे कुठे आहेत याची नोंद आहे. गंमत अशी की त्यांतील एकही १८०४ मध्ये पाडलेले नाही. सुरुवातीची नाणी १८३४-३५ च्या सुमारास, पूर्वेकडील राजांना अमेरिकी सरकारच्या वतीने नजराणा देण्याकरिता मुद्दाम तयार केली गेली, आणि त्यांपैकी मस्कतच्या सुलतानांशी नाव जोडलेले नाणे १९९९ मध्ये ४१ लाख ४० हजार डॉलरांना विकले गेले. आपल्याकडील नाणे ही प्रतिकृती आहे असेच धरून चालावे. ती अल्बममध्ये आठवण म्हणून राहू द्या, लिलावाच्या यादीत घालू नका, कारण एका खोट्या नाण्याने बाकीच्या ६३ नाण्यांकडेही संशयाने पाहिले जाते.

‘४२० ग्रेन्स’ ही अक्षरे असलेली नाणी ‘ट्रेड डॉलर’ होत. चीनबरोबरच्या व्यापारासाठी अमेरिकेने ती १८७३ पासून काढली, वजन २७.२२ ग्रॅम, म्हणजे नेहमीच्या डॉलरपेक्षा अर्धा ग्रॅम अधिक. चिनी व्यापाऱ्यांनी परखून मारलेले छोटे ठसे काहींवर दिसतात आणि ते असलेली नाणी हौसेने जमवणारा वेगळा वर्गच आहे. परंतु ज्या नाण्याच्या सर्वाधिक नकला पौर्वात्य बंदरांत विकल्या गेल्या, तेही हेच. सासऱ्यांनी ती हाँगकाँगला घेतली असतील तर प्रथम वजन करा. २७.२ ऐवजी २२ किंवा २४ ग्रॅम भरले तर पुढे काही पाहण्याची गरज नाही. लोहचुंबकाला नाणे चिकटले, तरीही नाही.

वजन बरोबर आले तर पाण्याची कसोटी लावावी. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणावा, नाण्याला पातळ दोऱ्याचा फास घालून ते पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही असे अधांतरी धरावे. काट्यावर जो आकडा येईल त्याने नाण्याच्या हवेतील वजनाला भागावे. नव्वद टक्के चांदीच्या नाण्याचा भागाकार १०.३ च्या आसपास येतो. मॉर्गन डॉलरच्या बाबतीत काट्यावर साधारण २.६ ग्रॅम दिसले पाहिजेत. त्याच वजनाच्या पितळी नाण्यावर चांदीचा मुलामा असेल, तर हा आकडा तीनच्या वर जाईल. उर्ध्वपातित पाणी वापरावे आणि नंतर नाणे मऊ कापडावर ठेवून वरून अलगद टिपावे, पुसू नये. पेटीत बंद असलेल्या नाण्यांवर अर्थातच हा प्रयोग करायचा नाही.

त्या तीन पेट्या उघडूही नका. अमेरिकी सरकारच्या खजिन्यात पडून राहिलेले, मुख्यतः कार्सन सिटीचे, डॉलर त्यांच्या सामान्य सेवा प्रशासनाने १९७० च्या दशकात आणि १९८० मध्ये लोकांना विकले, ते अशाच पेट्यांतून. पेटी हाच तिथे नाण्याच्या पूर्वेतिहासाचा पुरावा असतो. मात्र ‘सीसी’ दिसले म्हणजे दुर्मीळ, असेही समजू नये. १८८४ चे कार्सन सिटीचे ११ लाख ३६ हजार डॉलर पडले आणि त्यांतील नऊ लाखांहून अधिक सरकारी तिजोरीतच न वापरता राहिले. अशी नाणी देखणी आहेत, त्यांना मागणी आहे, चांगली किंमतही येते. पण लाखोंची बोली त्यांना लागत नाही.

किती नाणी पडली आणि किती उरली यांतही फरक असतो, आणि त्या फरकाचा आपल्या देशाशी जवळचा संबंध आहे. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात चांदीचा इतका तुटवडा झाला की नोटांच्या बदल्यात रुपये देणे सरकारला कठीण होऊन बसले. तेव्हा १९१८ च्या पिटमन कायद्याने अमेरिकेने आपल्या तिजोरीतील २७ कोटींहून अधिक डॉलर वितळवले, आणि त्यांतील जवळजवळ २६ कोटी नाण्यांची चांदी ब्रिटनने हिंदुस्थानासाठी विकत घेतली. ती इथल्या टांकसाळींत येऊन पंचम जॉर्जच्या छापाचे रुपये झाली. वितळवताना कोणत्या सालाची व कोणत्या टांकसाळीची किती नाणी गेली, याची नोंद कोणी ठेवली नाही. उलट प्रकारही घडला आहे. न्यू ऑर्लीन्सचा १९०३ चा डॉलर अनेक दशके अत्यंत दुर्मीळ मानला जाई. १९६२ मध्ये खजिन्यातून त्याच्या थैल्याच्या थैल्या बाहेर आल्या आणि भाव एका हिवाळ्यात कोसळला. म्हणून केवळ किती पाडली गेली याच्या आकड्यावरून अपेक्षा ठरवू नये, अलीकडच्या लिलावांत प्रत्यक्ष काय मिळाले ते पाहावे. मोठ्या लिलावगृहांच्या संकेतस्थळांवर जुन्या विक्रीच्या किमती छायाचित्रांसह पाहता येतात. आणि वर्तमानपत्रात जे आकडे झळकतात, उदाहरणार्थ २०१३ मध्ये १७९४ च्या एका डॉलरला मिळालेले एक कोटीहून अधिक डॉलर, त्यांचा आपल्या अल्बमशी काही संबंध नाही.

किंमत ठरवणारी तिसरी गोष्ट म्हणजे प्रत. अमेरिकी नाण्यांची प्रत १ ते ७० अशा अंकांनी सांगतात. ६० व त्यापुढील अंक न वापरलेल्या नाण्यांसाठी असतात. १९८६ साली सुरू झालेली पीसीजीएस आणि त्यापुढच्याच वर्षीची एनजीसी या दोन संस्थांनी नाणे पाहून, प्रत लिहून, सीलबंद केलेल्या पेटीला ‘स्लॅब’ म्हणतात. आपल्या अल्बममध्ये एखादा स्लॅब असेल तर त्यावरील क्रमांक त्या संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून छायाचित्र जुळते का ते पाहावे, कारण स्लॅबही खोटे निघतात.

एवढे झाल्यावर नाण्यांचे दोन भाग आपोआप पडतील. मोठा भाग सामान्य सालांच्या, वापरलेल्या नाण्यांचा असेल. १९२१ चे मॉर्गन आणि १९२२-२३ चे पीस डॉलर तर हटकून त्यात येतील. या नाण्यांसाठी लिलावाचा खटाटोप व्यर्थ आहे. प्रत्येक नाण्यात सुमारे २४ ग्रॅम शुद्ध चांदी असते. त्या दिवशीच्या भावाने तिची किंमत काढावी आणि त्याच्या खाली एकही नाणे देऊ नये. सराफांनी आपल्याला कमी लेखले असे वाटून घेण्याचे कारण नाही. ते नव्वद टंचाची चांदी विकत घेतात, नाणे नव्हे, आणि मोडीत गेलेले नाणे शेवटी मुशीतच जाते. हीच नाणी संग्राहकांना किंवा पुण्यात भरणाऱ्या नाण्यांच्या प्रदर्शनांत व्यापाऱ्यांना दाखवली, तर चांदीवर काही ना काही अधिक मिळते. एकरकमी मागणाऱ्या परिचितांनाही नकार देऊ नका. फक्त प्रत्येक नाण्यापुढे किंमत लिहिलेली यादी त्यांच्याकडून मागा. सरळ व्यवहार करणाऱ्याला त्यात अडचण वाटत नाही. सगळ्याला मिळून एकच आकडा सांगितला जातो तेव्हा एका चांगल्या नाण्याची किंमत साठ साध्या नाण्यांच्या आड दडवणे सोपे जाते.

लिलावाला पाठवायची ती उरलेली, बहुधा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी नाणी. ती एकेकटी, स्वतंत्र लॉट म्हणून जावीत. नाण्यांचे लिलाव करणारी गृहे मुंबई, अहमदाबाद व बंगळूरू येथे आहेत. निदान दोन ठिकाणी छायाचित्रे पाठवून अंदाजित किंमत मागवावी आणि अमेरिकी नाणी त्यांनी यापूर्वी विकली आहेत का, हे विचारावे. आपल्याकडील बोली लावणारे प्रामुख्याने संस्थानी, मोगल, मराठा व ब्रिटिशकालीन नाण्यांच्या मागे असतात, हे खरे आहे. त्यामुळे अमेरिकेतील लिलावाइतकी किंमत इथे येईलच असे नाही, आणि नेमक्या याच कारणासाठी राखीव किंमत ठेवणे अत्यावश्यक आहे, म्हणजे तिच्या खाली नाणे विकले जाणार नाही.

करारावर सही करण्यापूर्वी पुढील गोष्टी लेखी घ्याव्यात: विक्रेत्याकडून किती टक्के कमिशन कापणार, नाणे न विकले गेल्यास काही शुल्क पडणार का, नाणी त्यांच्या ताब्यात असताना विमा कोणाचा, बोली जिंकणाऱ्याने पैसेच भरले नाहीत तर काय, आणि आपले पैसे किती दिवसांत मिळणार. आणखी एक बाब लोकांच्या ध्यानात येत नाही. खरेदीदाराकडून हातोडा किमतीवर, म्हणजे जिंकलेल्या शेवटच्या बोलीवर, जो ‘बायर्स प्रीमियम’ हा जादा आकार घेतला जातो, तो लिलावगृहाचा असतो, आपला नव्हे. समजा पन्नास हजारांवर हातोडा पडला आणि आपले कमिशन दहा टक्के ठरले आहे, तर खरेदीदार साठ हजारांच्या घरात पैसे भरत असला, तरी आपल्या हाती पंचेचाळीस हजारच येतील. नाणी सुपूर्द करताना प्रत्येकाचे दोन्ही बाजूंचे छायाचित्र आणि वजन नोंदलेल्या पावतीवर सही घ्यावी. ‘चांदीची नाणी, नग ६’ एवढीच पावती स्वीकारू नये.

आता नणंदेच्या सूचनेविषयी. त्यांचा हेतू चांगला आहे आणि अमेरिकेत किंमत अधिक येईल हा त्यांचा अंदाजही बरोबर आहे, पण नाणी बॅगेतून नेऊ नयेत. १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षे पूर्ण झालेले नाणे हे पुरावशेष ठरते. त्या व्याख्येत नाणे अमुक एका देशाचेच असावे असे म्हटलेले नाही. असे पुरावशेष खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत, आणि नेल्यास किमान सहा महिने ते तीन वर्षांपर्यंत कारावास व दंडाची तरतूद आहे. आपल्याकडील मॉर्गन व ट्रेड डॉलर तर सर्वच्या सर्व या मर्यादेपलीकडे गेले आहेत, आणि पीस डॉलरही वर्षागणिक जात आहेत. प्रत ठरवून घेण्यासाठी टपालाने परदेशी पाठवणे ही देखील निर्यातच होय. शंभर वर्षांच्या आतील एखादा नगण्य नसलेला पीस डॉलर, उदाहरणार्थ १९२८ चा खूण नसलेला, जो त्या मालिकेत सर्वांत कमी म्हणजे ३,६०,६४९ पडला, पाठवायचाच असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून तो पुरावशेष नसल्याचे प्रमाणपत्र आधी घ्यावे. जुनी नाणी विकणाऱ्या लिलावगृहाकडेही या कायद्याखालील परवाना असावा लागतो. तो दाखवा, असे म्हणण्यात संकोच बाळगू नये.

वारशाचा मुद्दा थोडक्यात. सासऱ्यांचे मृत्युपत्र नसेल आणि सासूबाई हयात असतील, तर तीन मुलांइतकाच त्यांचाही हक्क आहे, हे आपल्या पत्रात राहून गेले आहे. सर्वांच्या सहीचे संमतिपत्र करून एकाच्या नावे लिलावगृहाशी करार करावा. नाणी वाटून घेण्याऐवजी विकून पैसे वाटणे या बाबतीत अधिक न्याय्य ठरते, कारण ६४ नाण्यांचे समान वाटे संख्येने होतील, किमतीने होणार नाहीत. विक्रीतून झालेला नफा भांडवली नफा म्हणून करपात्र असतो. सासऱ्यांनी नाणी २००१ पूर्वी घेतली असल्याने १ एप्रिल २००१ रोजीचे बाजारमूल्य खरेदी किंमत म्हणून धरता येते आणि उरलेल्या नफ्यावर सध्या साडेबारा टक्के कर लागतो. मूल्यांकनाचा कागद सीएंना आधीच दाखवावा. सासऱ्यांच्या जुन्या पावत्या, कस्टमचे कागद, अल्बममधील त्यांच्या हातच्या चिठ्ठ्या यांतील काहीही टाकून देऊ नका. नाणे कोणी, कुठे, कधी घेतले हे सांगणारा साधा चिटोराही खरेदीदाराचा विश्वास वाढवतो.

प्रश्न : माझ्याकडील १८९९ च्या चांदीच्या डॉलरचे छायाचित्र मी एका संकेतस्थळावर टाकले होते. त्यानंतर फोन आला की नाण्याला ४० लाख रुपये मंजूर झाले आहेत, मात्र नोंदणी व कर म्हणून आधी काही हजार रुपये भरावे लागतील. त्यांनी रिझर्व्ह बँकेच्या नावाचे पत्रही पाठवले. पैसे भरावेत का? — एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : एक रुपयाही भरू नका. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा देऊन स्पष्ट केले आहे की ती जुन्या नोटा व नाण्यांच्या खरेदी-विक्रीत भाग घेत नाही, त्यासाठी कोणतेही शुल्क मागत नाही आणि कोणालाही तसे अधिकार दिलेले नाहीत. खऱ्या लिलावात शुल्क विक्रीनंतर, मिळालेल्या रकमेतून कापले जाते. आपण आधीच काही भरले असेल तर विलंब न लावता १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा.

प्रश्न : जुन्या बाजारात एका रविवारी १७७६-१९७६ अशी दोन साले असलेला मोठा डॉलर घेतला. विक्रेत्याने चांदीचा म्हणून सांगितले. तो लिलावात जाईल का? — एक वाचक, चिंचवड

उत्तर : हा आयझेनहॉवर डॉलर. चलनातील नाणी तांबे व निकेलची असून वजन २२.६८ ग्रॅम असते. संग्राहकांसाठी काढलेली काही नाणी ४० टक्के चांदीची व २४.५९ ग्रॅम वजनाची आहेत. ‘एस’ खुणेवरून निर्णय करू नये, ती दोन्ही प्रकारांवर सापडते. वजन करा आणि कड पाहा. कडेला तांब्याची लालसर पट्टी स्पष्ट दिसत असेल तर चांदी नाही. चांदीचा निघाला तरी तो विपुल मिळतो, लिलावाचा खर्च त्याला सोसणार नाही.

प्रश्न : लिलाव पावसाळ्यानंतर आहे. तोवर नाणी कशी ठेवावीत? — एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : जुन्या अल्बमचे मऊ, तेलकट वास येणारे प्लॅस्टिक हे बहुधा पीव्हीसी असते आणि दमट हवेत त्यातून निघणाऱ्या द्रव्याने नाण्यावर हिरवट, चिकट थर चढतो. नाणी त्यातून काढून मायलर या पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटांत किंवा कडक ॲक्रिलिक डब्यांत ठेवावीत. रबरबँड, लोकरी कापड, वर्तमानपत्राचा कागद व लाकडी कपाट यांपासून ती दूर ठेवावीत, कारण या वस्तूंतून गंधक किंवा आम्लाची वाफ सुटते. हवाबंद डब्यात सिलिका जेलची पुडी टाकावी व तिचा रंग बदलला की ती बदलावी. हिरवा थर आधीच दिसत असेल तर तो स्वतः काढू नये. शुद्ध ॲसिटोनने, न घासता, तो काढणारी जाणकार माणसे लिलावगृहाकडे असतात, त्यांनाच ते नाणे तसेच दाखवावे.